उड्डाणाची किंमत

ज्या कृतीवर कर्त्याचे नाव नाही, जिच्या वेष्टनावर भलत्याच गोष्टीचे चित्र आहे आणि जी इतर पन्नास कृतींबरोबर एकाच डबीत कोंबलेली आहे, तिचे परीक्षण करण्याचा प्रसंग टीकाकारावर सहसा येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली कृती आमच्या हाती अशाच अवस्थेत आली. सन २००० नंतरच्या काही वर्षांत बीड शहरातील आमच्या गल्लीत टीव्हीला जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेमचे यंत्र आले, व त्याबरोबर प्लॅस्टिकची एक चौकोनी कॅसेट आली. तीवर '९९९९ खेळ' असे छापले होते. मोजून पाहता आत काही डझनच खेळ निघाले; तेच निरनिराळ्या क्रमांकांखाली पुनःपुन्हा येत. त्या यादीत 'फॉर्मेशन झेड' असे एक नाव होते. मुले त्यास 'रोबोटवाला' म्हणत. तो कोणी रचला व कोठे रचला, याविषयी कॅसेटीवर अवाक्षर नव्हते.

कोणी म्हणेल, की काव्य, नाटक व कादंबरी यांच्या गुणदोषविवेचनासाठी असलेली पृष्ठे पोरांच्या खेळासाठी खर्ची घालण्याचे प्रयोजन काय? उत्तर साधे आहे. आमच्यासारख्या ज्या घरांत क्रमिक पुस्तकांपलीकडे पुस्तक क्वचितच दिसे, त्या घरांत हा खेळ होता, आणि मुलांनी सुट्यांच्या सुट्या त्याच्यासमोर घालविल्या. जी कृती कोवळ्या मनांसमोर इतका काळ उभी राहिली, तिला न तपासताच 'वेळेचा अपव्यय' असे म्हणून बाजूस सारणे हेही एक प्रकारचे परीक्षणच होय. मात्र ग्रंथ न उघडता लिहिलेल्या अभिप्रायाहून त्याची योग्यता अधिक नाही.

प्रथम कर्त्यास त्याचे श्रेय देऊ. हा खेळ जपानातील जालेको या कंपनीने १९८४ साली, नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांसाठी काढला. अमेरिकेत तो 'एरोबोटो' या नावाने गेला. पुढे १९८५ साली त्याची घरगुती आवृत्ती निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' या यंत्रासाठी निघाली. फॅमिकॉम जपानात १९८३ च्या जुलै महिन्यात विक्रीस आले होते. आमच्या गल्लीत आले ते त्याचे विनापरवाना केलेले अनुकरण. वीस वर्षांचा जुना खेळ बीडपर्यंत येऊन का पोचावा, याचे कारण मोठे मौजेचे आहे. १९८५ पर्यंतचे फॅमिकॉमचे बहुतेक खेळ अवघ्या ४० किलोबाइटांच्या आत मावत. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रदेखील याच्या कितीतरी पट जागा अडविते. त्यामुळे असले खेळ एका कॅसेटीत डझनावारी भरता येत. जे मोठे व डौलदार होते ते मागे राहिले, व जे लहान होते ते दूरवर गेले. जात्यावरची ओवी घरोघर गेली आणि पंडितांची महाकाव्ये पोथ्यांत राहिली, त्यातलाच हा प्रकार.

खेळाचे कथासूत्र सांगू गेल्यास एका वाक्यात संपते. एक यंत्रमानव डावीकडून उजवीकडे निघाला आहे. समोरून शत्रूची याने व यंत्रे येत आहेत. त्यांजवर गोळ्या झाडीत पुढे जावयाचे आहे. पात्र एकच, संवाद मुळीच नाही, आणि युद्ध कशासाठी चालले आहे याचा पत्ता नाही. खेळाच्या यंत्रात एका वेळी दोन पडद्यांएवढेच चित्र मावते. एक पट्टी डावीकडे दिसेनाशी झाली, की नवी पट्टी उजवीकडे, दृष्टीआड, तयार करून ठेवली जाते, आणि पाहणारास अखंड भूमीचा भास होतो.

असा आडवा उलगडत जाणारा पट आमच्या जिल्ह्यास अगदीच अपरिचित नाही. अंबाजोगाईस दासोपंतांनी (१५५१–१६१५) 'पंचीकरण' ज्या कापडावर लिहिले, ती पासोडी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद आहे. पोथी पानापानाने उलटावी. पासोडी मात्र तिच्या कडेने चालत वाचावी लागते. अध्यात्माचा पट आणि मुलांचा खेळ यांस एका तागडीत घालण्याचा आमचा हेतू नाही. चालणे हीच वाचण्याची रीत, एवढेच साम्य आम्हांस येथे हवे आहे. कारण या खेळाचे सारे मर्म चालण्यात आहे, व ते कळण्यास आम्हांस बरीच वर्षे लागली.

या यंत्रमानवाच्या अंगी एक विद्या आहे. कळ दाबताच तो अंगाची घडी घालून विमान होतो व आकाशात झेपावतो. पुन्हा उतरून पायांवर उभा राहतो. रूप पालटण्याची कल्पना आम्हांस नवी नव्हे. मारुती समुद्र ओलांडताना विराट होतो व लंकेत शिरताना लहानगा होतो. पण मारुतीचे बळ त्याच्या ठायीच आहे. त्याचा त्यास विसर पडतो, जांबवंत आठवण देतो; आणि एकदा आठवल्यावर ते पुरेल की नाही ही चिंता त्यास उरत नाही. जपानी यंत्रकथांतील बळ निराळ्या जातीचे आहे. मित्सुतेरू योकोयामा यांच्या १९५६ साली सुरू झालेल्या 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेत प्रचंड यंत्रमानव एका मुलाच्या हातातील नियंत्रकाने चालतो. गो नागाई यांच्या १९७२ च्या 'माझिंगर झेड'मध्ये चालविणारा यंत्राच्या मस्तकात जाऊन बसतो. १९७९ च्या 'गुंडम'मध्ये तेच यंत्र सैन्याच्या भांडारातील एक शस्त्र होते, आणि १९८२ च्या 'मॅक्रॉस'मध्ये लढाऊ विमानच यंत्रमानवाचे रूप घेते. या साऱ्या कथांत सामर्थ्य मनुष्याच्या बाहेर, लोखंडात आहे. बाहेरचे सामर्थ्य मोजता येते. आणि जे मोजता येते ते संपतेही.

'फॉर्मेशन झेड'च्या रचनाकाराने या गोष्टीचा खेळ केला, यातच त्याची प्रतिभा आहे. यंत्रमानवाजवळ शक्तीचा ठरावीक साठा असतो. उड्डाण केले की तो झरझर उतरतो. चालण्यास तितकी शक्ती लागत नाही. वाटेत शक्तीचे ठेवे मिळतात ते टिपावे लागतात. साठा संपला की विमानाचे विमानपण संपले, व पुन्हा भुईवर यावे लागले. घरगुती आवृत्तीत पुढे समुद्र लागतो. समुद्रावर यंत्रमानवास पाय टेकता येत नाही. तेथे उडणे हाच एक मार्ग, आणि पुरेशी शक्ती नसेल तर मध्येच पाण्यात पडून नाश. जमिनीवर असताना ज्याने निष्कारण उडून घेतले, त्याचा निकाल समुद्र लावतो.

या नियमाचा परिणाम सूक्ष्म आहे. सामान्य खेळात सामर्थ्य हे बक्षीस असते: ते मिळाले की वापरावे व मिरवावे. येथे सर्वांत मोहक सामर्थ्य पहिल्या क्षणापासून हाती दिले आहे, आणि शहाणपण ते न वापरण्यात आहे. खाली शत्रूंची गर्दी झाली की बोट आपोआप त्या कळीकडे जाते. आकाश मोकळे दिसते. पुढे किती भूमी उरली व समुद्र कोठे लागेल हे पडद्यावर दिसत नाही. अशा वेळी पायांवर टिकून राहणे हे धैर्याचे काम आहे. पण ते कोणासही धैर्य वाटत नाही, कारण दिसण्यात ते नुसते चालणे आहे. गोळीच्या बाबतीतही हीच शिकवण आहे. कळ सारखी बडविली तर साध्या गोळ्या सुटतात. ती दाबून धरून धीर धरला तर एक मोठा तडाखा सुटतो. थांबणारास अधिक मिळावे, हा कायदा रचनाकाराने दोन ठिकाणी पाळला आहे. लहानशा कृतीत एवढी एकवाक्यता आढळावी हे विशेष होय.

तुलनेने हे अधिक स्पष्ट होईल. असल्या कॅसेटींत पुष्कळदा 'मॅक्रॉस'ही असे. तो १९८५ साली फॅमिकॉमसाठी निघाला. त्यातील यानास एक सोडून तीन रूपे आहेत, पाठीमागे मूळ मालिकेतील गीताची चाल वाजते, आणि शत्रूच्या प्रचंड जहाजात शिरून त्याचा गाभा फोडावयाचा असल्यामुळे खेळास निश्चित हेतूही आहे. चित्रे व संगीत यांत तो आमच्या खेळाहून सरस, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याची भूमी कोठे आहे? सारा प्रसंग अंतराळात व जहाजाच्या पोटात घडतो. पायाखाली माती नसल्यामुळे पाय असणे आणि नसणे यांतील भेद सोयीपुरता उरतो. रूपे तीन, पण निवड एकही अशी नाही की जी चुकल्याची रुखरुख मागाहून लागावी. मुलांचा सर्वांत लाडका 'कॉन्ट्रा' घेतला (फॅमिकॉमवर हा १९८८ साली आला), तर त्यात आवेश आहे, दोघांनी मिळून खेळण्याची मौज आहे. परंतु बंदुकीची गोळी तेथे कधी संपत नाही. ज्याची गोळी संपत नाही त्यास नेम धरण्याचे अगत्य राहत नाही.

दोष सांगितल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही, आणि या खेळात ते ठळक आहेत. पहिला दोष निर्हेतुकपणाचा. शत्रू कोण, त्याचा अपराध काय, हे खेळात न सांगता केवळ समोरून येतो म्हणून त्यास मारावयाचे, ही गोष्ट मुलांच्या हाती देताना रचनाकाराने अधिक विचार करावयास हवा होता. दुसरा दोष एकसुरीपणाचा. तेच यान, तोच डोंगर, तीच लहानशी सुरावट. तिसरा व सर्वांत मोठा दोष म्हणजे या खेळास शेवट नाही. भूमी, समुद्र व त्यापुढील टप्पे ओलांडले की पुन्हा तोच पट सुरू होतो. ज्याने जपून जपून समुद्र पार केला, त्यास किनाऱ्यावर काय मिळाले? पुन्हा चालणे. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रास शेवट नसणे व्यापाराच्या दृष्टीने योग्य असेल. कलेच्या दृष्टीने ती उणीवच आहे.

आमच्या बीडमध्ये मात्र या खेळास शेवट असे, व तो भारनियमन करीत असे. २००५ च्या आगेमागे विजेच्या कपातीचे वेळापत्रकच ठरलेले होते. या यंत्रात चालू खेळ राखून ठेवण्याची सोय नाही. दिवे गेले की भूमी, समुद्र, गुण सर्व एका क्षणात नाहीसे. त्यामुळे खेळण्याचा क्रम लावणे हे मोठे राजकारण होऊन बसले होते. आपला यंत्रमानव मरेपर्यंत प्रत्येकाची पाळी. मग कळफलक पुढच्याच्या हाती. आणि याच ठिकाणी एका खेळाडूविषयी लिहिणे आम्हांस भाग आहे.

तो आमच्या गल्लीत आपल्या आजीजवळ राहत असे. दसरा झाला की त्याचे आईबाप कोयता घेऊन पश्चिमेकडील एका साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडावयास जात व पाडव्याच्या सुमारास परत येत. आमच्या जिल्ह्यातून दरसाल लाखांच्या संख्येने माणसे अशी जातात, हे वाचकांस सांगावयास नको. जाण्यापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घ्यावयाची, आणि मग ती फिटेपर्यंत हंगामभर मोळ्या बांधावयाच्या, असा तो व्यवहार आहे. हा मुलगा आमच्या घरी खेळावयास येई. त्याच्या घरी यंत्र नव्हते.

आम्ही बाकीचे सर्वजण कळ दाबून लागलीच आकाशात जात असू. समुद्र लागेपर्यंत आमचा साठा खडखडीत झालेला असे. समुद्र आम्ही पाहिला तो तेथेच, आणि त्यात बुडण्यासाठीच. जिल्ह्यास किनारा नाही, आणि आमच्यापैकी कोणी मुंबईही पाहिली नव्हती. हा मुलगा मात्र चालत असे. उडी मारून शत्रू चुकवी, कळ दाबून धरी, ठेवे टिपी, आणि समुद्राच्या काठावर येई तेव्हा त्याचा साठा भरलेला असे. मग तो उडे. ते उड्डाण पाहताना सारी खोली गप्प होई. आम्ही एकदा त्यास विचारले, की तू अगोदर का उडत नाहीस? तो म्हणाला, "चालताना कळतंय किती उरलंय ते. उडाल्यावर बघायला सवडच कुठं राहती?"

या उत्तराचा त्याच्या घरच्या परिस्थितीशी संबंध जोडून, दारिद्र्याने त्यास काटकसर शिकविली होती असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला. तो आम्ही आवरला आहे. दारिद्र्य बहुधा नेमके उलट शिकविते. उद्याचे आज उचलल्यावाचून घर चालत नाही, हेच त्याच्या घरचे वास्तव होते. त्याने जे सांगितले तो खेळाच्या रचनेवरील अभिप्राय होता, आणि तो अचूक होता. आम्ही वर चार परिच्छेदांत जे मांडले, ते त्याने दोन वाक्यांत सांगितले होते. या खेळात एक गोष्ट त्यास मिळत होती, जी बाहेर मिळत नव्हती: येथे उचल नव्हती. अगोदर चालावे, साठवावे व मग उडावे, असा येथे न्याय होता, आणि तो सर्वांस सारखा लागू होता.

न्याय खेळात होता, खेळणाऱ्यांत नव्हता. त्याची पाळी लवकर संपत नसे, याचा आम्हांस राग येई. म्हणून आम्ही क्रम असा लावू लागलो, की त्याचा नंबर शेवटी यावा व त्यापूर्वी दिवे जावेत. वेळापत्रक आम्हांस पाठ होते. तो एक शब्दही बोलला नाही. काही दिवस उंबऱ्याजवळ बसून आमचे बुडणे पाहत राहिला, आणि पुढे येईनासा झाला. खेळाचा नियम कितीही उत्तम असला तरी कळफलक कोणाच्या हाती द्यावयाचा, हे त्या नियमास ठरविता येत नाही. कलाकृतीच्या सामर्थ्याची ही मर्यादा आम्ही एखाद्या साहित्यशास्त्राच्या ग्रंथातून शिकलो नाही. ती आमच्या घरच्या ओसरीवर आम्हीच घडवून आणली.

आता त्या कॅसेटींचा काळ गेला, व प्रत्येक घरात मुलांच्या हाती मोबाइल आहे. त्यावरील पुष्कळ खेळांत यंत्रमानव आहेत, विमाने आहेत, आणि शक्तीचा साठाही आहे. पण तो संपला की खेळ विचारतो: थांबता, की पैसे भरता? रुपये भरले की साठा पुन्हा काठोकाठ. बापाच्या खिशातून उचल घेऊन मुलगा उडू लागतो. दिसण्यात या नव्या खेळांची जुन्याशी तुलनाच नको. ते शतपटीने सुंदर आहेत. परंतु समुद्राचा निकाल जेथे विकत फिरविता येतो, तेथे चालण्यास काय अर्थ उरला? चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या लहानशा कृतीत हे लाजिरवाणे दार नव्हते. आमच्या मते तिच्या सर्व दोषांवर हा एक गुण भारी आहे.

तेव्हा सुजाण पालकांस आमची सूचना एवढीच, की मूल खेळावयास बसले म्हणजे किती वेळ बसले हे जरूर पाहावे. पण तो खेळ उड्डाणाची किंमत कोणाकडून व कशी घेतो, हेही पाहावे. त्यासाठी क्षणभर त्याच्या शेजारी बसावे लागेल. आणि खोलीत उंबऱ्याजवळ आणखी कोणाचे मूल बसलेले असेल, तर दिवे जाण्यापूर्वी कळफलक त्याच्या हाती जाईल, एवढी व्यवस्था करावी.